रुग्णाच्या उशीपर्यंत उजेड

नव्या सरकारी रुग्णालयाचा प्रस्ताव मान्यतेसाठी येतो, तेव्हा त्या जाडजूड फाइलमधून सर्वांत आधी उलगडले जाते ते इमारतीच्या दर्शनी बाजूचे रंगीत चित्र. निळसर काच, रुपेरी पट्टे, प्रवेशद्वारावरील भव्य छत, समोर हिरवळ. खाटांची संख्या, शस्त्रक्रियागृहे, लिफ्ट, ऑक्सिजनच्या वाहिन्या, प्रति चौरस मीटर खर्च यांचे तक्ते मागाहून येतात. या साऱ्या कागदपत्रांत एक आकडा बहुधा कोठेच नसतो. कक्षाच्या आतल्या रांगेतील खाटेवर, रुग्णाच्या उशीपाशी, दिवसा नैसर्गिक उजेड किती पोहोचेल? प्रशासकीय सेवेच्या काळात अशा अनेक प्रस्तावांवरील बैठका मी पाहिल्या. काचेच्या रंगावर चर्चा रंगत असे. त्या काचेमागे आठवडाभर पडून राहणाऱ्या माणसाला काय दिसेल, हा विषय मात्र कार्यसूचीवर येत नसे.

हा सौंदर्यदृष्टीचा किंवा वास्तुविशारदांच्या आवडीनिवडीचा प्रश्न असता, तर त्यावर वृत्तपत्राची जागा खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु रुग्णालयाची बाह्यभिंत हा सार्वजनिक आरोग्याचा निर्णय असतो. रुग्णाला किती उजेड, किती उष्णता, किती हवा मिळावी आणि आग लागल्यास धुराला वाट मिळावी की नाही, हे ती भिंत ठरवते. हा निर्णय एकदा घेतला की तो साठ-सत्तर वर्षे टिकतो. यंत्रे बदलता येतात, डॉक्टरांच्या बदल्या होतात, औषधांची यादी दरवर्षी सुधारता येते. चुकीच्या दिशेला, चुकीच्या उंचीवर बसवलेली खिडकी मात्र इमारत पाडेपर्यंत तशीच राहते.

आज हा प्रश्न उपस्थित करण्याचे कारणही स्पष्ट आहे. रुग्णालयांची बांधकामे देशात सध्या फार मोठ्या प्रमाणावर चालू आहेत. २००३ मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेतून २२ नव्या ‘एम्स’ संस्था मंजूर झाल्या. २०१४ मध्ये ३८७ असलेली वैद्यकीय महाविद्यालयांची संख्या दहा वर्षांत सातशेच्या पुढे गेली आणि प्रत्येक महाविद्यालयासोबत संलग्न रुग्णालय आले. २०२१ च्या आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियानात ६०२ जिल्ह्यांत अतिदक्षता विभागांच्या स्वतंत्र इमारतींचे उद्दिष्ट ठेवले गेले. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या पाटण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची ५,४६२ खाटांच्या संकुलात पुनर्रचना होत आहे. सर्व खाटा भरलेल्या धरल्या, तर त्या एका संकुलात वर्षाला सुमारे २० लाख रुग्णदिवस व्यतीत होतील. त्यांपैकी किती दिवस आकाश पाहत आणि किती ट्यूबलाइट पाहत जातील, हे नकाशावर आजच ठरते आहे.

उजेड हे औषध होते तेव्हा

रुग्णाच्या खोलीत सूर्यप्रकाश हवा, ही कल्पना नवी नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये रुग्णालयांवरील आपल्या टिपणांत तिला अभियांत्रिकीचे रूप दिले. दोन खाटांमागे किमान एक खिडकी असावी, कक्षाच्या दोन्ही लांब भिंतींत समोरासमोर खिडक्या असाव्यात, खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून दोन-तीन फुटांवर असावा आणि वरचा काठ छताच्या एक फूट खाली यावा, अशी त्यांची मोजमापे होती. त्यांमागील निरीक्षण साधे होते. शुद्ध हवेच्या खालोखाल आजाऱ्याला उजेड हवा असतो आणि तोही थेट सूर्याचा. अंधाऱ्या खोलीपेक्षा उजेडाच्या खोलीत माणूस लवकर उभा राहतो, हे त्यांनी शुश्रूषेच्या अनुभवातून सांगितले. त्याचे जैविक कारण तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

नाइटिंगेल भारतात कधीही आल्या नाहीत. तरी भारतातील लष्कराच्या आरोग्यस्थितीची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाच्या कामात त्यांचा वाटा मोठा होता. १८६३ मध्ये आलेल्या त्या अहवालाने दाखवून दिले की येथील ब्रिटिश सैनिकांत दरसाल हजारी ६९ मृत्यू होत होते आणि त्यांतील बहुतेक लढाईत नव्हे, तर रोगांनी होत होते. बराकी आणि रुग्णालये यांची रचना हा राज्यकारभाराचा विषय ठरला तो या आकड्यामुळे. मात्र इंग्लंडमधील खिडकी जशीच्या तशी भारतात आणणे शक्य नव्हते. तेथे उजेड दुर्मीळ होता आणि येथे तो जाळणारा होता. त्यावरचे उत्तर या देशाने पूर्वीच शोधून ठेवले होते. खोल व्हरांडा, उंच छत, झडपांची दारे, वरच्या झरोक्यांतून निघून जाणारी गरम हवा. १८५२ मध्ये उभ्या राहिलेल्या कलकत्ता मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयापासून हैदराबादच्या उस्मानिया रुग्णालयापर्यंत आणि मुंबईच्या १९२६ मधील केईएमपर्यंत हीच पद्धत वेगवेगळ्या वेशांत दिसते. त्या इमारती वसाहतवादी किंवा संस्थानी वैभवाच्या खुणा होत्या हे खरेच. पण त्यांच्या अरुंद पंखांत आणि दुतर्फा खिडक्यांत खाट आणि आकाश यांतील अंतर फारसे नव्हते.

पुढे विज्ञानानेही या अनुभवाला आधार दिला. सूर्यप्रकाशात क्षयाचे जंतू मरतात, हे रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये सांगितले. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल मिळाले. कुमाऊँमधील भवाली येथे १९१२ मध्ये आणि आंध्रातील मदनपल्लीजवळ १९१५ मध्ये क्षयरुग्णांसाठी आरोग्यधामे उभी राहिली. तेथे ऊन आणि मोकळी हवा हाच उपचाराचा गाभा होता आणि व्हरांडा हाच खरा वॉर्ड होता.

या अध्यायाचा शेवटही भारतातच झाला. १९५६ मध्ये मद्रासमध्ये सुरू झालेल्या अभ्यासात क्षयरुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले आणि दुसऱ्याला त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच तीच औषधे दिली. घरी राहिलेले रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले, असे १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसले. गरीब देशांतील लक्षावधी रुग्णांसाठी हा मुक्तीचा क्षण होता. त्याचे मोल तसूभरही कमी करण्याचे कारण नाही. परंतु आरोग्यधामांसोबत वैद्यकशास्त्राच्या यादीतून उजेडही निघून गेला. तो विद्युत अभियंत्याच्या यादीत दाखल झाला. ट्यूबलाइट स्वस्त झाली, नंतर वातानुकूलन आले, मग इमारती रुंद होत गेल्या. मधोमध मार्गिका, दोन्ही बाजूंना खोल्या, आतल्या बाजूला खिडकी नसलेल्या जागा. नंतर काच परत आली. पण ती रस्त्यावरून पाहणाऱ्यासाठी आली.

पुरावा काय सांगतो

उजेडाचा रुग्णावर खरोखर काही परिणाम होतो का? १९५६ च्या सुमारास इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात अपुऱ्या दिवसांची बाळे सांभाळणाऱ्या एका परिचारिकेच्या लक्षात आले की, उन्हात ठेवलेल्या बाळाची कावीळ फिकी होते आणि चादरीने झाकलेला भाग मात्र पिवळाच राहतो. तेथील डॉक्टरांनी याचा पाठपुरावा करून १९५८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज जगभरच्या नवजात कक्षांत दिसणाऱ्या निळ्या दिव्यांचा उगम या निरीक्षणात आहे.

१९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या नोंदींचा अभ्यास मांडला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती असे २३ रुग्ण आणि ज्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती असे २३ रुग्ण यांची तुलना त्यांनी केली. पहिला गट सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेला, दुसरा ८.७० दिवसांत. तीव्र वेदनाशामकांची गरजही पहिल्या गटाला कमी लागली. १९९६ मध्ये कॅनडातील एडमंटन येथे नैराश्याच्या रुग्णांचा अभ्यास झाला. उजळ खोल्यांतील रुग्ण सरासरी १६.९ दिवस राहिले आणि अंधाऱ्या खोल्यांतील १९.५ दिवस. २००५ मध्ये पिट्सबर्ग येथे मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या ८९ रुग्णांवर पाहणी झाली. इमारतीच्या उजळ बाजूच्या रुग्णांना ४६ टक्के अधिक तीव्र सूर्यप्रकाश मिळत होता. त्यांनी दर तासामागे वेदनाशामके २२ टक्के कमी घेतली.

हे सारे अभ्यास लहान आहेत आणि थंड हवेच्या श्रीमंत देशांतील आहेत. उलरिच यांचा अभ्यास दृश्याबद्दल अधिक आणि प्रकाशाबद्दल कमी बोलतो. अतिदक्षता विभागातील भ्रमावस्थेवर खिडकीचा परिणाम तपासणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. त्यामुळे सूर्यप्रकाशाने रोग बरे होतात, असा दावा कोणी करू नये. पण २००२ नंतर डोळ्याच्या पडद्यातील एका वेगळ्या प्रकारच्या पेशींचे कार्य स्पष्ट झाले. या पेशी दृष्टीपेक्षा मुख्यतः शरीराच्या घड्याळासाठी काम करतात. त्या घड्याळाच्या रेणवीय यंत्रणेवरील संशोधनाला २०१७ चे नोबेल मिळाले. दिवसा भरपूर उजेड आणि रात्री खरा अंधार मिळाला तरच झोप, संप्रेरके आणि शरीराचे तापमान यांचा ताल टिकतो. आपल्या अनेक कक्षांत याच्या उलट घडते. दिवसा अपुरा उजेड असतो आणि रात्रभर डोक्यावर दिवा जळत राहतो. खिडकीजवळ दुपारी सहज हजार-दोन हजार लक्स मिळतात. आतल्या रांगेत दिव्यांचा उजेड शंभर-दोनशे लक्सच्या आसपास घोटाळतो. निरोगी माणूस अंगणात जाऊन ही तूट भरून काढतो, खाटेवरच्याला ते शक्य नसते.

उजेड हवा, ऊन नको

भारतात आकाश कंजूष नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत नैसर्गिक उजेडाची गणिते करताना सूर्य क्षितिजापासून केवळ १५ अंशांवर असताना मोकळ्या आकाशापासून मिळणारा ८,००० लक्स प्रकाश गृहीत धरला जातो. ही जवळजवळ किमान पातळी झाली. भर दुपारच्या उन्हात हा आकडा लाखापर्यंत जातो. म्हणजे बाहेरच्या प्रकाशाचा अवघा एक टक्का खाटेपर्यंत आला, तरी सकाळ-संध्याकाळच्या कडेला ८० लक्स मिळतात आणि दिवसभर त्याहून पुष्कळ अधिक. आपल्यापुढील अडचण वेगळी आहे. उजेडासोबत उष्णता येते आणि डोळ्यांवर तिरीप येते. चालता-फिरता माणूस तिरीप आली की खुर्ची सरकवतो. सलाइन लावलेला रुग्ण सरकू शकत नाही. मग परिचारिका पडदा ओढते. कोणी काचेवर वर्तमानपत्र चिकटवतो. कोट्यवधी रुपयांच्या काचेमागे भर दुपारी दिवे लावावे लागतात.

याचे उत्तर भूमितीत आहे. दिल्लीत २१ जूनच्या माध्यान्ही सूर्य सुमारे ८५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. २१ डिसेंबरला तो ३८ अंशांपर्यंत खाली येतो. त्यामुळे दक्षिणेकडील खिडकीवर मापाचा आडवा छज्जा दिला, तर उन्हाळ्यातील ऊन बाहेर राहते आणि हिवाळ्यातील कोवळे ऊन आत येते. एकाच छज्ज्याने दोन्ही कामे होतात, त्याला वीज लागत नाही आणि देखभालही नाही. चेन्नईत हे गणित बदलते. तेथे जूनमध्ये माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीलाही सावली लागते. पश्चिमेचा सूर्य सर्वत्र अवघड असतो. तो खाली उतरून सरळ खोलीत घुसतो, तेथे छज्जा निरुपयोगी ठरतो आणि उभ्या पडद्या किंवा फिरत्या झडपा लागतात. सुज्ञ आराखड्यात पश्चिम बाजूला जिने, भांडारे, स्वच्छतागृहे जातात आणि रुग्णांच्या खोल्या उत्तर-दक्षिण बाजूंना येतात.

यावरून एक गोष्ट उघड होते. चारही बाजूंना सारखीच काच असलेली आणि जोधपूर, भुवनेश्वर व ऋषिकेश येथे सारखीच दिसणारी इमारत किमान तीन बाजूंना आणि किमान दोन शहरांत चुकीची असणारच. आपल्या संहिता देशाचे पाच हवामान विभाग मानतात. उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड. बांधकाम खात्यांचे नमुना आराखडे मात्र अनेकदा एकच हवामान मानतात.

उजेड आत किती खोल जातो, हे खिडकीच्या रुंदीपेक्षा तिच्या वरच्या काठाच्या उंचीवर अवलंबून असते. ढोबळ नियम असा की जमिनीपासून त्या काठाची जी उंची, तिच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत वापरण्याजोगा उजेड पोहोचतो. छताखाली वातानुकूलनाच्या नळ्या लपवण्यासाठी खोटे छत खाली आणले की खिडकी बुटकी होते आणि आतली रांग अंधारात जाते. खिडकीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शापाशी बसवलेली एक आडवी पांढरी फळी खालच्या खाटेला सावली देते आणि वरचा प्रकाश छतावर फेकून आत खोलवर पाठवते. अट एवढीच की छत पांढरे असावे आणि फळी पुसली जावी. खिडकीचा खालचा काठही महत्त्वाचा आहे. तो चार फुटांवर असेल, तर निजलेल्या माणसाला फक्त आकाशाची एक पट्टी दिसते. अडीच फुटांवर आणला आणि पुढे कठडा दिला, तर झाड दिसते, रस्ता दिसतो, माणसे दिसतात. स्वच्छतागृहाची जागा हा आणखी एक कळीचा प्रश्न आहे. ते बाहेरच्या भिंतीला लावले, तर नळकाम सोपे होते, पण खिडकी निम्मी होते. मार्गिकेच्या बाजूला घेतले, तर खिडकी पूर्ण मिळते, पण परिचारिकेला दारातून रुग्ण दिसत नाही. अशा ठिकाणी डॉक्टर, परिचारिका आणि वास्तुविशारद यांनी एकत्र बसून निर्णय घ्यायला हवा. आज तो बहुधा नळकामाच्या सोयीने होतो.

सावली देणारी बाह्यभिंत बांधण्याचे कौशल्य या देशात आहे. पुदुच्चेरीतील ‘गोलकोंड’ हे अरविंद आश्रमाचे निवासस्थान अंतोनिन रेमंड यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आखले. त्याच्या लांब भिंतींत काचेऐवजी काँक्रीटच्या हलवता येणाऱ्या झडपा आहेत; हवा आणि उजेड आत येतात, ऊन आणि पाऊस बाहेर राहतात. लॉरी बेकर यांनी केरळात विटांच्या जाळीतून हेच काम स्वस्तात करून दाखवले. सिंगापूरचे हवामान आपल्या किनारपट्टीसारखेच दमट आहे. तेथे २०१० मध्ये सुरू झालेल्या खू तेक पुआत रुग्णालयात सवलतीच्या दरातील कक्ष नैसर्गिक हवेवर चालतात; बाह्यभिंतीवरील पडद्या वारा आत वळवतात आणि उन्हाला अडवतात. कमी पैसे भरणाऱ्या रुग्णाच्या वाट्याला तेथे विचारपूर्वक आखलेली भिंत आली, ही बाब आपण नोंदवून ठेवावी.

बंद काचेची किंमत

९ डिसेंबर २०११ च्या पहाटे दक्षिण कोलकात्यातील ढाकुरिया येथील एएमआरआय रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. आग वरच्या कक्षांपर्यंत पोहोचण्याआधी धूर पोहोचला. इमारत काचेने बंद होती आणि धुराला बाहेर पडायला वाट नव्हती. बचाव करणाऱ्यांना काचा फोडाव्या लागल्या. सुमारे नव्वद जण मरण पावले आणि त्यांतील बहुतेक गुदमरून गेले. तळघरातील ज्वलनशील साठा हे त्या दुर्घटनेचे मूळ होते; पण उघडता येईल अशी खिडकी ही जीवरक्षक यंत्रणा असते, हेही त्या पहाटेने सिद्ध केले. त्यानंतर अग्निशमनाच्या ना-हरकत प्रमाणपत्रांवर पुष्कळ लिहिले गेले. बाह्यभिंतीच्या रचनेवर फार थोडे लिहिले गेले. दरम्यान गावोगावी जुन्या रुग्णालयांच्या खिडक्यांवरून काच आणि एसीपी शीटचे नवे आवरण चढवण्याची हौस वाढतच राहिली.

संसर्गाचे गणितही खिडकीपाशीच येते. पेरूची राजधानी लिमा येथील आठ रुग्णालयांच्या ७० खोल्यांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. पन्नासहून अधिक वर्षे जुन्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत खोलीतील हवा तासाला सुमारे ४० वेळा बदलत होती, नव्या इमारतींत १७ वेळा. यंत्रांवर चालणाऱ्या खोल्यांचे मान १२ होते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश ज्या देशात आहेत, त्याने हे आकडे दुर्लक्षून चालणार नाही. वीज गेली की दिवे, पंखे आणि वातानुकूलन एकदमच बंद होतात. जिल्ह्याच्या गावी जनित्र सुरू होईपर्यंत काम चालू ठेवते ती खिडकीच.

नियम आहेत, मोजणी नाही

नियमच नाहीत असे नाही. इमारत संहितेनुसार खिडक्यांचे क्षेत्रफळ खोलीच्या क्षेत्रफळाच्या तुलनेत उष्ण-कोरड्या प्रदेशात एक दशांश, उष्ण-दमट प्रदेशात एक षष्ठांश, मध्यम हवामानात एक अष्टमांश आणि थंड प्रदेशात एक द्वादशांश असावे. २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने काचेचे प्रमाण बाह्यभिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवले आहे. परंतु पहिला नियम खोलीपुरता बोलतो. खिडकीसमोर पाच फुटांवर दुसऱ्या इमारतीची भिंत असली, तरी कागदावर तो पाळला जातो. एका टोकाला मोठी खिडकी आणि दुसऱ्या टोकाला आठवी खाट असली, तरीही पाळला जातो. दुसरा नियम विजेच्या बिलाचा विचार करतो. खाटेवरचा रुग्ण हा एकक म्हणून दोहोंपैकी कोणीच धरत नाही.

यावर तीन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला खर्चाचा. सावलीच्या पडद्या आणि झडपा यांना पैसा लागतो हे खरे. पण निव्वळ शोभेची काच आणि शीट यांनाही लागतो आणि त्यांतून आत शिरलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी पुढे वर्षानुवर्षे वीज लागते. दुसरा आक्षेप धूळ, डास आणि माकडे यांचा. तो योग्य आहे. त्याचे उत्तर जाळी, मर्यादित उघडणारी तावदाने आणि सफाईची तरतूद हे आहे. सर्व खिडक्या कायमच्या बंद करणे हे नव्हे. तिसरा आक्षेप जमिनीच्या टंचाईचा. दाट शहरांत रुंद इमारती अटळ ठरतात. तेथेही शस्त्रक्रियागृहे, क्ष-किरण विभाग, भांडारे, यंत्रखोल्या आतल्या गाभ्यात घालून बाह्यभिंतीची प्रत्येक मीटर लांबी आधी रुग्णांना देता येते. बाह्यभिंत हे मर्यादित सार्वजनिक साधन आहे. आज बऱ्याच इमारतींत तिचा उत्तम भाग अधीक्षकांच्या दालनाला आणि सभागृहाला मिळतो.

येथे समतेचा मुद्दा येतो. खासगी रुग्णालयात खिडकीची खोली अधिक भाड्याने मिळते आणि तिचा दर तक्त्यावर लिहिलेला असतो. सरकारी रुग्णालयात असा दर नसतो, पण वाटप असतेच. ओळख असलेल्याला खिडकीजवळची खाट मिळते, उशिरा आलेल्याला मधली आणि कोणी नसलेल्याला जमिनीवरची गादी. आराखड्यातच प्रत्येक खाटेला आकाश दिले, तर ही वाटणी करण्याची वेळच येणार नाही.

काय करावे, हे फार अवघड नाही. रुग्णालयाच्या प्रस्तावाला प्रशासकीय मान्यता देण्यापूर्वी प्रत्येक खाटेवरील नैसर्गिक उजेडाचे गणित नकाशासोबत जोडणे बंधनकारक करावे. ते उशीच्या उंचीवर आणि वर्षातील वेगवेगळ्या ऋतूंसाठी केलेले असावे. संगणकावर हे काम आज काही दिवसांत होते. प्रत्येक खाटेवरून, निजलेल्या स्थितीत, आकाशाचा काही भाग दिसलाच पाहिजे, अशी अट निविदेतच असावी. प्रत्येक हवामान विभागासाठी आणि प्रत्येक दिशेसाठी छज्जे-पडद्यांचे वेगळे नमुने तयार करून घ्यावेत. रुरकीची केंद्रीय भवन संशोधन संस्था स्वातंत्र्याच्या वर्षापासून इमारतींवर संशोधन करीत आहे, तिच्यावर ही जबाबदारी सोपवता येईल. बाह्यभिंतीच्या रचनेवर अग्निशमन अधिकारी आणि परिचारिका अधीक्षक या दोघांची स्वाक्षरी आवश्यक असावी. इमारत वापरात आल्यावर वर्षभराने कक्षाकक्षांत लक्समापक घेऊन प्रत्यक्ष मोजणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष जाहीर व्हावेत. गणित आणि मोजणी यांत मोठी तफावत निघाली, तर पुढील रुग्णालयाचा आराखडा त्याच सल्लागाराला देण्यापूर्वी त्याचे स्पष्टीकरण मागावे.

ही झाली नव्या इमारतींची गोष्ट. देशातील बहुसंख्य रुग्ण मात्र जुन्या इमारतींत आहेत आणि पुढेही असतील. त्यांच्यासाठी नवी योजना लागत नाही. काचेवर चिकटवलेले कागद काढावेत, व्हरांडे अडवून केलेली दप्तरांची कोठारे मोकळी करावीत, खिडक्या झाकणारे फलक आणि वातानुकूलन यंत्रांचे बाहेरचे डबे हलवावेत, छताला दर दोन वर्षांनी चुना किंवा पांढरा रंग द्यावा, गंजून बसलेल्या झडपा दुरुस्त कराव्यात. एक जिल्हा रुग्णालय आपल्या वार्षिक देखभाल निधीतून हे करू शकते. हैदराबादच्या उस्मानिया रुग्णालयाची जुनी वास्तू २०२० च्या पावसात पाणी शिरल्यानंतर रिकामी करावी लागली. तिच्या भविष्याचा वाद वेगळा आहे. पण अशा वास्तू केवळ वारसा म्हणून जपायच्या की त्यांच्या भिंतींत मुरलेले शहाणपणही नव्या इमारतींत न्यायचे, हा प्रश्न देशभरातील प्रत्येक जुन्या रुग्णालयाबाबत आज ना उद्या येणारच आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला १८६३ च्या त्या आकड्याचे महत्त्व वाटते. हजारी ६९ हा आकडा कोणी तरी मोजला, छापला आणि राज्यकर्त्यांसमोर ठेवला. त्यानंतरच भिंती बदलू लागल्या. आपल्या रुग्णालयांत खाटा मोजल्या जातात, रुग्ण मोजले जातात, विजेची युनिटे मोजली जातात. उशीपाशी पोहोचणारा उजेड अजून कोणी मोजत नाही. तो मोजण्याचे यंत्र आज हातात मावते आणि काही हजार रुपयांत मिळते. पहिली मोजणी उद्या सकाळी, कोणत्याही जिल्हा रुग्णालयात, आतल्या रांगेतील शेवटच्या खाटेपासून सुरू करता येईल.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी असून इतिहासाचे अभ्यासक आहेत.)